राहेल उभी राहिली तेव्हा

हे मी माझ्या यजमानांनाही कधी सांगितलं नाही, आणि आता ते नाहीत. मुलीला सांगितलं नाही — तिच्यापायीच तर सगळं घडलं. आणि प्रार्थनेत? प्रार्थनेत मी नेहमी 'आमची पापं' म्हणत आले. त्या 'आमची'मध्ये माझं एकटीचं पाप खुशाल लपून राहायचं. आज तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलते.

तेव्हा मुळशीचं धरण होऊन तीसेक वर्षं झाली असतील. यजमान पौडच्या बाजूला एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. अकरा घरं, कौलारू प्रार्थनामंदिर, आणि उपासनेत बाजाची पेटी वाजवणारी मी. मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती — आणि त्याचा मला केवढा तोरा! राहेल मात्र नवी. आधीची सगुणा, बाप्तिस्मा होऊन दोनच वर्षं झालेली. ती मंदिर झाडायची, माझ्या पोरीला कडेवर घेऊन गावभर हिंडायची. मला सख्खी बहीण नव्हती. राहेलमुळे तिची उणीवही भासली नाही.

त्या श्रावणात पोरीला गोवर निघाला आणि ताप छातीत उतरला. दवाखान्याचं औषध चालू होतं, यजमान गुडघ्यांवर प्रार्थनेत होते. पाचव्या दिवशी पोरीनं डोळे फिरवले. मग मी — तीन पिढ्यांची ख्रिस्ती — काय केलं? ट्रंकेतला जपून ठेवलेला हिरवा खण काढला, एक नारळ घेतला, आणि राहेलला म्हटलं, टेकडीवरच्या देवीची ओटी भरून ये.

ती बघतच राहिली. "बाई, आता तिकडं जायाचं न्हाई, ह्ये तर तुमीच शिकवलं मला."

मी म्हटलं, माझ्यासाठी जा. आणि ती गेली हो, भर पावसात.

ताप उतरला. औषधानं, प्रार्थनेनं, की — मला आजही ठाऊक नाही. पण राहेलला टेकडी उतरताना कुणीतरी पाहिलं होतं. आमच्या मंडळीची रीत अशी, की असं काही घडलं तर त्या माणसानं उपासनेत सगळ्यांपुढे उभं राहून पाप कबूल करायचं, आणि पाळक सांगतील तोवर प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. पुढच्या रविवारी राहेल उभी राहिली. यजमानांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून गेलीस?

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. बाई आता उठतील, असंच तिला वाटलं असणार. मी पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसले होते.

"माज्याच मनानं गेले," ती म्हणाली.

मागून कुणीतरी पुटपुटलं, सगुणा ती सगुणाच. यजमान मग उपदेशात पापाच्या दुःखावर बोलले. एक दुःख माणसाला देवाच्या पायाशी नेतं, दुसरं नुसतंच आतल्या आत कुढवतं, असं काहीसं. मला सगळं समजत होतं. आणि मग मी पश्चात्तापाचं गीत वाजवलं. सूर एकही चुकला नाही.

ईस्टरपर्यंत ती शेवटच्या सतरंजीवर बसली. भाकरीचं ताट जवळ आलं की मान खाली घालायची. मी मात्र दर महिन्याला यजमानांच्या हातून भाकर घेत होते, आणि ती माझ्या घशाखाली उतरतही होती. देवीला फसवलं, देवाला फसवलं; दोन डगरींवर पाय ठेवून मी कशी ताठ उभी होते! लाज वाटायची का? वाटायची. पण कुणाला कळलं तर काय, याची धास्ती त्याहून मोठी.

ईस्टरला तिला परत सामावून घेतलं. यजमान म्हणाले, खरा पश्चात्ताप हिच्याकडून शिका. उपासना सुटल्यावर ती सतरंज्या गुंडाळत होती. मी जवळ गेले, तर वर न बघता म्हणाली, "बाई, मी हुबी ऱ्हायले ती पोरीसाठी. तुमी बसून ऱ्हायलात ते कुणासाठी?"

माझ्याकडे उत्तर होतं. पाळकबाई म्हणून मिरवता यावं, यासाठी. ते मी दिलं नाही. त्यानंतर तिनं आमचा उंबरा ओलांडला नाही, आणि पोर दिसली तिथून तिला हाक मारायची, पण कडेवर कधी घेतलं नाही.

पुढे राहेल गेली. तिच्या मातीला मी इतकी रडले, की बायका म्हणाल्या, पाळकबाईंचं मन किती हळवं. सगळी मंडळी थडग्याभोवती उभी होती. तिला 'सगुणा ती सगुणाच' म्हणणारेही होते. तेव्हा तोंड उघडायला काय अडचण होती? राहेल आता माझ्याकडे बघतही नव्हती.

कुणीतरी म्हणालं, बाई, एक गीत घ्या.

मी घेतलं. सूर एकही चुकला नाही.