कुलपाला लावलेला कान

आमच्या नाटक मंडळीत त्या कुलूपवाल्याला सगळे कुजबुज्या म्हणायचे. दिवसभर किल्ल्या घासायच्या आणि संध्याकाळी तालमीला विंगेत बसून विसराळू नटांना वाक्यं पुरवायची, हा त्याचा बावीस वर्षांचा शिरस्ता. नाटक कुठलंही असो, सगळ्यांचे संवाद गड्याला तोंडपाठ.

यंदा बापाचं काम करणारा नट पाय मोडून बसला. आमच्या दिग्दर्शिकेला आम्ही बाई म्हणतो. बाई म्हणाल्या, "कुजबुज्या, तू उभा राहा. पाठ तर आहेच."

पाठ होतं, तीच तर मेख! लेक बापाला सांगते, "बाबा, मी घर सोडून चालले." तर तिचे ओठ हलायच्या आधी याचेच हलायचे. वर चेहराही आधीच पडलेला. लेकीचं काम एका नर्सबाईंकडं होतं. त्या म्हणाल्या, "काका, घर मी सोडू की तुम्हीच निघताय?"

सगळे खिदळले. बाई सोडून.

"बातमी तुला ठाऊक आहे, बापाला नाही. खोटं तिथं होतंय," त्या म्हणाल्या. "ती बोलते ते ऐक. शनिवारपर्यंत नाही जमलं तर परत विंगेत."

बावीस वर्षांनी उजेडात उभं राहायला मिळालं होतं, ते असं हातचं जायला लागलं. गड्यानं आरशासमोर ओठ दातांत धरून पाहिले. ओठ सुजले, बाकी काही नाही.

शुक्रवारी बायको दुकानात डबा घेऊन आली. तो एका कुलपात तार घालून, कान टेकवून बसलेला.

"अहो, मोरीचा नळ..."

"हूं, गळतोय. बघतो."

"गळत नाही, अडकलाय! पुरतं बोलू तरी द्या. त्या कुलपाला बरा कान लावता. तीस वर्षं मला मात्र न ऐकताच उघडून मोकळे होता!"

तार हातातच राहिली. खरंच होतं. हजार कुलपं उघडली, तरी आत खुट् होईपर्यंत थांबावंच लागतं. आधी फिरवली की तार मोडलीच.

शनिवारी नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, मी घर सोडून चालले."

गड्यानं मान जराशी कलती केली आणि नुसता तिच्याकडं बघत राहिला. बाहीचं बटण ती पुन्हापुन्हा पिळत होती. ते त्याला आजच दिसलं. विंगेत प्लास्टरातला पाय स्टुलावर टाकून जुना बाप वही धरून बसला होता. तो घाबरून फुसफुसला, "कुठं? अरे, 'कुठं' म्हण!" याच्या कानी काही गेलं नाही. मग आपसूकच तोंडून निघालं, "कुठं?"

कोणी हसलं नाही. बाईंनी वहीचं पान उलटलं. "पुढचा प्रवेश."

घरी येऊन त्यानं चपला काढता काढता सुरुवात केली, "अगं, आज बाईंनी..."

"हूं, बापाचं काम तुमच्याकडंच ठेवलं. कळलं," बायको म्हणाली.

"पुरतं बोलू तरी दे!"