राजाभाऊंच्या टॉवरखालची केशर

उद्या नागपंचमी, म्हणजे चिरणं, कापणं, तळणं बंद. म्हणून आदल्या दिवशीच मी नारळ खवत बसले होते. एक वाटी झाली, दुसरी विळीवर धरली आणि बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधले राजाभाऊ.

“वहिनी, हातातलं राहू द्या. जरा येऊन बघता? उंदीर तसाच आहे का ते. मला धीर होत नाही.”

ओढणीला हात पुसून गेले. उंदीर तसाच होता, कालपासून. पेटीच्या कोपऱ्यात त्यांच्या लेकीची सापीण, केशर, तोंड खुपसून पडली होती. तिसरा आठवडा, तिसरा उपास.

“आहे,” मी म्हटलं. राजाभाऊंनी उंदीर चिमट्याने उचलून कागदात गुंडाळला.

ही २००९ सालची गोष्ट. दुबईत, आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगमधलं एकेक दार त्या वर्षी मंदीने बंद होत होतं. लिफ्टमध्ये भेटलेलं माणूस पुढच्या आठवड्यात असेलच असं नव्हतं. राजाभाऊ इमारतींची मॉडेल करत. बिल्डरच्या ऑफिसात पारदर्शक पेटीखाली ठेवतात ना, ती वीतभर टॉवरांची शहरं. लहानपणी नगरला गणपतीची मखरं कापायचे, तो हात इथवर आला. मोहरीएवढी झाडं, तांदळाएवढी माणसं, आणि खिडक्याखिडक्यांतून दिवे.

“मी बांधलेल्या दुबईत ट्रॅफिक नाही, वहिनी. शारजाचा रस्तासुद्धा मोकळा,” ते म्हणायचे.

“मग मला तुमच्याच दुबईत नोकरी द्या,” सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसातून दमून आलेले आमचे हे म्हणायचे.

मग खऱ्या दुबईतलीच कामं थांबली. ज्या इमारती उठणारच नाहीत त्यांची मॉडेल कोण करून घेणार? वर्कशॉप बंद झालं. शाळेला सुट्टी लागली तशी राजाभाऊंनी बायको मृणालिनीला आणि लेक शुभ्राला नगरला पाठवलं. परतीचं तिकीट काढलं नाही, एवढ्यावरून आम्ही काय ते समजलो.

केशर शुभ्राची. शुभ्रा चौदा वर्षांची. तिच्या वर्गातली एक मुलगी घाईघाईने देश सोडून गेली आणि जाताना हा साप हिच्या हाती देऊन गेली. कॉर्न स्नेक म्हणतात, बिनविषारी. दीड हात लांब, करंगळीएवढी जाड, अंगावर केशराच्या काड्या उगाळल्यासारखे पट्टे. विमानात काही तिला नेता येईना. एअरपोर्टला निघताना शुभ्राने बाबाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. “प्रॉमिस मी, बाबा. शी विल बी अलाइव्ह.” राजाभाऊ हो म्हणाले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटल्यावर मग माणसाला दुसरं काही उरत नाही.

केशर आली तेव्हा झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात होती. “माझ्या मुलीचं लाडकं डब्यात राहणार?” म्हणून राजाभाऊ कामाला लागले. वर्कशॉप बंद होताना मॅनेजरने त्यांना शेवटचं मॉडेल देऊन टाकलं होतं. “खलास, टेक इट,” म्हणाला. समुद्रात उभा राहणार होता तो साठ मजल्यांचा टॉवर, पेटीसकट. त्या चार फुटी पेटीला त्यांनी सरकतं दार आणि कुलूप केलं. झाकणाला ओळीने भोकं पाडली, अगरबत्तीची काडी जाईल एवढीच. एका टोकाला खाली ऊब देणारी चटई, तिला ठराविक उष्णतेला बंद होणारं बटण. दुसरं टोक गार. दोन्हीकडे थर्मामीटर, मध्ये पाण्याची वाटी. काही म्हणून चुकलं नव्हतं. आणि मधोमध तो टॉवर तसाच ठेवला.

दिवे लागले की मी भान हरपून बघत राहायचे. तांदळाएवढी माणसं हात वर करून उभी आणि त्यांच्या रस्त्यावरून केशर चालली आहे, नदीसारखी. कधी ती टॉवरला विळखा घालून वर चढायची आणि चाळिसाव्या मजल्याच्या उजेडात तिच्या पोटाखालचे खवले मोत्यासारखे दिसायचे. एका दुपारी डोळा लागला तर स्वप्नात मीच त्या गावात, तेवढीच बारीक, हातात पूजेचं ताट. वरून केशरी आभाळ सरकत होतं आणि मला भीती वाटत नव्हती.

मी रोज आंघोळ झाली की निरांजन घेऊन तिच्या दर्शनाला जायचे. परदेशात, आठव्या मजल्यावर, श्रावणात, दाराशी जिवंत नाग! हे भाग्य मी एकटीने कसं भोगावं? बिल्डिंगमधल्या बायकांनाही सांगितलं.

नागपंचमीला सातजणी आल्या. लाह्या, दुर्वा, दूध.

“दूध आत नाही हं,” राजाभाऊ दार अडवून म्हणाले. “दूध बाधतं तिला.”

“अहो, नागोबा दूध पीत नाही असं कुठे असतं का!” कुंदाताई म्हणाल्या. त्या वरच्या मजल्यावरच्या, वयाने सगळ्यांत मोठ्या.

“कुंदाताई, ही दुबईची आहे. बाटलीतलं पाणी पिते.”

हशा झाला. दुधाची वाटी बाहेरच राहिली. सगळ्याजणी पेटीभोवती बसल्या, नाकं ॲक्रिलिकला टेकतील अशा. मला म्हणाल्या, तुमच्या गावाकडचं काही सांगा. मी सांगू लागले, “आमच्याकडे वारुळाशी लाह्या ठेवायच्या आणि मागे वळून न बघता सरळ घरी यायचं. मी एकदा बघायला लागले तर आईने मानच धरली. म्हणाली, बघू नको गं, जेवताना त्याला लाज वाटते...”

आणि बोलता बोलता माझी नजर पेटीत गेली. समोर केशर त्या साठ मजल्यांच्या झगझगाटात कोपऱ्याला नाक घासत होती. चारी बाजूंनी माणसं. घासून घासून ते लाल झालं होतं.

“चला, यल्ला, फराळ माझ्याकडे,” म्हणून मी बायकांना उठवलं. त्यांना दिंड वाढून परत आले तर राजाभाऊ पेटीसमोरच उभे.

“राजाभाऊ, तिला लपायला जागा कुठाय?”

त्यांनी पेटीकडे पाहिलं. जणू पहिल्यांदाच. “शोकेस आहे हो ही,” ते हळूच म्हणाले. “चहूबाजूंनी दिसावं म्हणूनच करतात. वीस वर्षं मी दुसरं काही केलंच नाही.”

मग एकदम करवतच काढली. “टॉवरच्या खालचा भाग पोकळ आहे. एक दार कापतो.”

“आज नाही! आज कापत नाहीत.”

“वहिनी, तिचा जीव चाललाय.”

“अहो, आज तिच्यासाठीच कापत नाहीत!”

इतक्यात कॉम्प्युटरवर नगरहून शुभ्राचा कॉल आला. रोजचाच प्रश्न, “बाबा, डिड शी ईट?” राजाभाऊंनी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “शी नीड्स टू हाइड्स. वन हॉट साइड, वन कूल साइड. नाहीतर शी हॅज टू चूज ना, ऊब की लपणं. अँड बाबा, शी डझन्ट नीड अ सिटी.”

लपायच्या जागा दोन! मी घरी धावले. कालच्या नारळाच्या दोन्ही करवंट्या सिंकपाशी पडल्या होत्या. फोडताना कड वाकडीतिकडी तुटलेली, केशर सहज आत शिरेल एवढी. कापायला काही नकोच. घासूनपुसून दोन्ही पालथ्या घातल्या, एक उबेला, एक गारव्याला.

राजाभाऊंनी टॉवरची पिन काढली. साठ मजले एकदम विझले. झोपलेलं मूल उचलावं तसा तो दोन्ही हातांनी उचलून त्यांनी हॉलमध्ये सोफ्यावर ठेवला, आणि त्याच टॉवरचे मोठाले नकाशे न फाडता, नुसते दुमडून, पेटीच्या तीन बाजूंना लावले. वाळलेलं लाकडी भुस्कट पसरलं. केशर त्यात जिभेने चाचपत गेली, उबेच्या करवंटीशी थांबली आणि दोऱ्यासारखी आत ओढली गेली. शेपटीचं टोक तेवढं जरा वेळ बाहेर राहिलं, मग तेही नाही.

“आता आठ दिवस कोणी बघायचं नाही,” राजाभाऊ म्हणाले. “पाणी बदलायला मी जाईन, दिवा न लावता.”

“मीही नाही?”

“तुम्ही तर मुळीच नाही.”

माझे ते आठ दिवस फार कठीण गेले. सकाळी निरांजन हातात घेऊन त्यांच्या बंद दाराकडे तोंड करून जिन्यात उभी राहायचे. कुंदाताईंनी एकदा विचारलं, “इथे काय आहे गं?” मी म्हटलं, वारूळ. आत कुठेतरी ती वेटोळं घालून असेल, हे डोळ्यांपुढे आणायचे. खरं सांगते, दिवे लावून बघत होते तेव्हापेक्षा ती आता जास्त स्पष्ट दिसायची.

नवव्या दिवशी चार वाजता त्यांनी फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात ठेवून गरम केला, करवंटीच्या तोंडाशी ठेवला, पडदे ओढले आणि माझ्याकडे चहाला आले. पेल्यातला चहा निवला तरी प्यायले नाहीत. मशिदीतून मगरिबची, दिवेलागणीची अजान झाली तसे उठले.

परत आले ते दारातच उभे.

“नाही,” म्हणाले.

मी ओट्यापासूनच विचारलं, “काय नाही?”

“उंदीर नाही!”

आणि तिथेच उंबऱ्यावर बसून त्यांनी नगरला फोन लावला. पलीकडची शुभ्रा इतकी जोरात ओरडली की मला ओट्यापाशी ऐकू आलं. “शी एट! आई, शी एट!” राजाभाऊ डोळे मिटून फोन कानाशी धरून बसले होते.

त्याच आठवड्यात त्यांना रास अल खैमाला एका जुन्या किल्ल्याच्या मॉडेलचं बारा दिवसांचं काम मिळालं. निघताना किल्ली हातात देऊन घुटमळले. “वहिनी, तुमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. कसं सांगू?”

“सांगू नका. कोमट पाणी, चिमटा, करवंटीचं तोंड, आणि मागे वळून बघायचं नाही. बरोबर?”

“पण फ्रीजरमधले संपलेत.”

माझ्या रोजच्या जपाच्या वहीत त्या दिवशीच्या आकड्याखाली शेवटची ओळ अशी आहे: उद्या सकाळी दहाला नूरुद्दीनच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून गोठवलेल्या उंदरांचं पाकीट आणणे.