तबेल्याचं बटन

हसा खुशाल, पण पुरतं ऐकून मग हसा. मधेच सुटायची खोड माझी हाय. त्या खोडीपायी मी एकदा चांगली लागलेली नोकरी गेली समजून, ट्रंक-वळकटी घेऊन सासुरवाडीला जाऊन बसलो होतो. आता सांगायलोय तर सगळंच सांगतो.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झालेली. मी कल्याणीजवळच्या कोहिनूर गावचा. गुलबर्ग्याला कॉलेजात सायन्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटलो, पण टेम्पररी. लगीन झालेलं, बायको महादेवी मात्र जनवाड्याला माहेरीच. सासऱ्यांनी मांडवातच सांगितलं होतं, नोकरी कायम झाली की लेक पाठवतो. म्हणजे बघा, सगळा संसार 'कायम' ह्या एका शब्दावर टांगलेला, आणि तो शब्द प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हातात.

तेवढ्यात कॉलेजात एक यंत्र आलं. ऑसिलोस्कोप. लोखंडी पेटी, तिला वाटोळी काच, काचेवर हिरवा ठिपका, आणि खाली बटनंच बटनं. आमचे राव सर उदगीरकडचे, लई शांत माणूस. ते म्हणाले, पोरांचं इंग्रजी कच्चं हाय, तू हरेक बटनावर आपल्या भाषेत चिठ्ठी चिकटव. सोमवारी प्रिन्सिपॉल यंत्र बघायला येणार हाईत, तुझ्या कायम होण्याचंबी तवाच बोलू.

पोरांचं इंग्रजी कच्चं! आन् माझं? माझं सगळं शिक्षण उर्दूतून, घरात मराठी, बाजारात कानडी. इंग्रजी म्हणजे माझ्यासाठी डिक्शनरी. पण सरांना विचारायचं कसं? नोकरी मागताना 'इंग्रजी येतंय' म्हणून बसलो होतो ना.

पहिलं बटन 'ट्रिगर'. डिक्शनरीत निघालं, बंदुकीचा घोडा. आता त्या दिवसांत बंदुकीचं नाव काढायला माणूस भ्यायचा. सरकारी यंत्रावर 'बंदूक' लिहिलं आन् कुणी वर कळवलं तर? मी बंदूक गाळली. नुसतं 'घोडा' लिहिलं. दुसरं बटन 'स्टॅबिलिटी'. हा शब्द काही घावंना, पण त्याच पानावर 'स्टेबल' घावला. अर्थ, घोड्यांचा तबेला. माझा जीव भांड्यात पडला. घोडा हाय म्हणल्यावर तबेला पाहिजेच की! तिसरं 'स्वीप', म्हणजे झाडणे. तबेला झाडावा लागतोच. पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर हॉर्सपॉवर लिहितात, मग ह्या यंत्रात घोडा निघाला तर नवल काय?

घोडा, तबेला, झाडू. तिन्ही चिठ्ठ्या सुरेख अक्षरात लिहून, खळ लावून, थेट इंग्रजी शब्दांवरच चिकटवल्या. खालचं अक्षर दिसूसुदिक दिलं न्हाई.

राव सर आले. चिठ्ठ्या वाचल्या. परत वाचल्या. मग स्टूल ओढून बसले आन् तिसऱ्यांदा वाचल्या. मला वाटलं, माझं अक्षर आवडलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "शरणप्पा, तबेला कामून रे?"

मी घोड्याचं सांगितलं. म्हणलं, बंदूक तेवढी मुद्दाम गाळली.

सर हसले न्हाईत. त्यांनी मला जवळ बसवलं, कॉलेजातल्या हार्मोनियमचा एक सूर यंत्राला जोडलेल्या माइकपुढं धरायला लावला आन् यंत्र चालू केलं. काचेवर सुराची लाट उमटली, पण ती एका जागी थांबंना. नुसती पळत होती, बघून डोळे फिरायची पाळी.

"तुझ्याच चिठ्ठ्यांनी सांगतो," सर म्हणाले. "हा ठिपका म्हणजे तुझा घोडा समज. आत विजेचा दाब एकसारखा चढत जातो, तसा ठिपका डावीकडून उजवीकडं एकाच चालीनं पळतो. हेच स्वीप, तुझा झाडू. मग दाब एकदम पडतो आन् ठिपका गपकन डावीकडं परत येतो. परत येताना त्याचा उजेड बंद करतात, म्हणून तो आपल्याला दिसत न्हाई."

"मग लाट कामून पळतीया?"

"कारण घोडा वाटेल तवा सुटायलाय. एक डाव लाटेच्या पायथ्याला, एक डाव माथ्याला. हरेक डाव चित्र वेगळ्या जागी पडतंय. त्यानं परत येऊन तबेल्यात थांबायला पाहिजे. लाट चढत चढत ठरल्या उंचीला आली की इशारा, की मग सुटायचं. दर वेळी त्याच जागेवरून सुटला, तर चित्रावर चित्र बरोबर बसतंय आन् लाट थांबल्यासारखी दिसतीया. इशारा देतंय ते ट्रिगर. आन् हे तुझं तबेल्याचं बटन लई पुढं फिरवलं, तर दार उघडंच राहतंय. इशारा असो नसो, घोडा पळतच राहतो."

त्यांनी तबेल्याचं बटन हळूच मागं फिरवलं. ठिपका दिसेनासा झाला. मग घोड्याचं बटन जरासं हलवलं, आन् लाट जागच्या जागी उभी राहिली. मी सूर धरून तसाच बसलो. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्र पळत होतं तसंच पळत होतं, फक्त थांबायचं कुठं आन् सुटायचं कवा एवढं त्याला कळलं होतं. मला ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी चिठ्ठ्या काढू दिल्या न्हाईत. म्हणाले, स्टॅबिलिटीचा अर्थ स्थिरपणा, तो मी पोरांना सांगीन. पण तबेला त्यांच्या ध्यानात राहील. सोमवारी प्रिन्सिपॉल आले. चिठ्ठ्या बघितल्या, उभी लाट बघितली, इंग्रजीत सरांशी काहीतरी बोलले आन् गेले. मला त्यातलं ओ की ठो कळलं न्हाई.

आठवड्यानं माझ्या नावाचा इंग्रजी कागद आला. पहिल्याच ओळीत 'टेम्पररी' दिसलं, पुढं 'टर्मिनेटेड'. डिक्शनरी उघडली. टर्मिनेट, म्हणजे शेवट करणे, संपवणे.

संपलं! बरोबरच हाय म्हणलं, सरकारी यंत्रावर तबेला लिहिणाऱ्याला कोण ठेवील? सरांना तोंड दाखवायची लाज वाटली. ट्रंक-वळकटी बसच्या टपावर टाकली आन् हुमनाबादवरून जनवाडा गाठलं. सासऱ्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, एवढाच विचार.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं, आधी जेवा म्हणाले आन् बाहेर जाऊन बसले. ते बाहेर जाऊन बसणं मला लई लागलं. महादेवी ताट घेऊन आली. मी कागद तिच्यापुढं टाकला, म्हणलं, बघ, माझं नशीब हितं लिहिलंय. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिनं कागद उचलला, उजेडाला धरला, उलटा केला.

"मागल्या अंगाला बी लिवलंय की," ती म्हणाली. "हे वाचलाव का?"

न्हाई. मी वाचलं नव्हतं.

ट्रंकेतली डिक्शनरी काढून एकेक शब्द लावला. मागं लिहिलं होतं की टेम्पररी नेमणूक संपवून, त्याच तारखेपासून मला कायम करण्यात आलंय, आन् तीन दिवसांत सही करून कागद परत द्यावा. त्यातले दोन दिवस मी नशिबाला बोल लावण्यात आन् बसच्या धुळीत घालवले होते.

हात धुऊन तसाच उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी धापा टाकत प्रयोगशाळेत शिरलो, तर राव सर यंत्रापाशीच. त्यांनी सही घेतली, माझी सगळी हकीकत ऐकली आन् माझ्या हातातल्या ट्रंकेकडं बघितलं.

"पहिल्या ओळीलाच सुटलास व्हय?" ते म्हणाले. "शरणप्पा, तुझं तबेल्याचं बटन जरा मागं फिरव."

पुढं महादेवी नांदायला आली. यंत्राच्या चिठ्ठ्या जुन्या होऊन निघाल्या, तवा मी त्या गंमत म्हणून घरी आणल्या. 'तबेला' तिनं खळ लावून आमच्या दाराला आतून चिकटवला. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी उठलो की ती नुसतं दाराकडं बघते. आन् मी खाली बसतो.