शिंपीकाकांची आंघोळ

आमच्या शेजारच्या बाईंना सगळे लगबग म्हणतात. पन्नाशी उलटली तरी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. त्या वृद्धाश्रमात देखभालीचं काम करतात. दहाच्या आत आठ जणांच्या आंघोळी उरकण्याचा त्यांना कोण अभिमान. फक्त शिंपीकाकांपुढे त्यांची मात्रा चालत नसे.

काकांना विस्मरणाचा आजार. अंगावर पाणी पडलं की हात उगारायचे. शेवटी मेट्रनबाईंनी सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर त्यांना वरच्या मजल्यावर हलवावं लागेल." वरचा मजला म्हणजे कुलूपबंद दार, आणि खालच्या खोलीत उरणार एकट्या काकू. पंचेचाळीस वर्षांचा संसार दोन मजल्यांत वाटला जाणार, हे लगबगबाईंच्या मनाला फार लागलं.

त्याच सुमारास, गाण्याच्या मदतीने देखभाल कशी करावी हे शिकवायला एक शिक्षिका आल्या. पहिल्याच दिवशी लगबगबाईंनी उत्साहाच्या भरात हॉलमधला स्पीकर मोठ्याने लावला. निम्मी मंडळी कानांवर हात ठेवून बसली.

"गाणं म्हणजे पंखा नव्हे, बटण दाबलं की सगळ्यांना सारखा वारा," शिक्षिका हसून म्हणाल्या. "आधी विचारा, कोणाचं गाणं कोणतं."

बाईंनी काकूंना विचारलं.

"गाणं? दुकानात रेडिओसुद्धा लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, माझ्या पायाची लय बिघडते."

"मग स्वतः काही म्हणायचे?"

"शब्द नाहीत हो. मशीन चालवताना नुसतं हूं हूं." काकूंनी ते गुणगुणून दाखवलं, आणि लाजल्या.

आठवडाभर लगबगबाई भांडी घासताना तेच गुणगुणत होत्या. गळा यथातथाच. भिंतीपलीकडून ऐकून आमची सौ. म्हणाली, "बाईंचं काही दुखतंय का, जरा बघून या."

पहिला प्रयत्न फसला. चाल पाठ होती, पण म्हटली स्वतःच्या वेगाने. काकांनी पाण्याचा मग भिरकावला.

"तुम्ही त्यांना आपल्यामागे पळवताय," शिक्षिका म्हणाल्या. "त्यांचा पाय बघा."

दुसऱ्या दिवशी बाई न्हाणीघरात काकांसमोर स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या. आयुष्यातली पहिलीच स्वस्थ दहा मिनिटं असावीत ती. मग काकांचा उजवा पाय हलू लागला. टाच, चवडा, टाच, चवडा. त्या ठेक्यावर बाईंनी हळूच सूर धरला.

काकांनी मान वर केली. "चुकतंय," म्हणाले, आणि स्वतः म्हणून दाखवलं.

त्या पुन्हा चुकल्या. काकांनी पुन्हा सांगितलं. तोवर बाईंनी हळूहळू ओतलेल्या पाण्याने काकांचे पाय भिजले, पाठही भिजली.

"हात वर करा," काका म्हणाले. माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखे बाईंनी हात वर केले.

"आता तुमचे."

काकांनीही केले. साबण काखेत पोचला.

"डावा खांदा उतरता आहे तुमचा. पॅड घालावं लागेल."

"घाला की."

बाहेर मेट्रनबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. "पन्नास मिनिटं. आणि बाकीच्या सात आंघोळी?"

"दुपारी करते. पण यांना वर न्यायचं नाही."

मेट्रनबाईंनी गुणगुणत डोकं पुसणाऱ्या काकांकडे पाहिलं. "नाही नेत. पण ही चाल आम्हा सगळ्यांना शिकवा. तुमच्या सुट्टीला मी काय करू?"

"अहो, मला तरी कुठे नीट येते?"

"तेच बरं आहे. चुका काढायला त्यांना कोणीतरी हवंच."

खोलीत काकूंनी कपाट उघडलं. "शर्ट कोणता काढू?"

"माझ्या हातचा," काका म्हणाले.