लोखंडाचं खातं वेगळं

शेखर,

तू खाली आहेस, मी वर आहे, मध्ये तेरा पायऱ्या आहेत, तरी पत्र लिहितेय. कारण बोललं की तू "हं" म्हणतोस आणि माझं डोकं फिरतं. मुद्द्याचं ऐक. तुझ्या कॉइली उत्तम आहेत, त्यांत काडीचीही खोट नाही. लोखंड चुकलंय. रविवारपर्यंत दुरुस्त करून देतो असं मी डॉक्टरांना परस्पर सांगून टाकलंय. तुला विचारलं नाही, कारण तू काय म्हणाला असतास ते वर लिहिलंच आहे. दार उघड आणि एक चुंबक घेऊन वर ये. टाचण्या माझ्याकडे आहेत.

ताई

उज्वलाताईंनी कागदाची घडी घातली, कठड्याला धरत खाली उतरल्या आणि भावाच्या दाराखालच्या फटीतून ती आत सरकवली. वाट बघत उभं राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर येऊन त्यांनी कुकर लावला.

सकाळीच डॉक्टर ललित येऊन गेले होते. गंगापूर रोडला त्यांचा दातांचा दवाखाना आणि वर गच्चीतल्या खोलीत त्यांची रेल्वे. दोन टेबलांएवढा पसारा, स्टेशन, यार्ड, बोगदा, सगळं हाताने केलेलं. दोन महिन्यांपूर्वी उज्वलाताई त्यांच्याकडे कवळी बसवायला गेल्या आणि तोंड उघडं असतानाच त्यांनी ऐकलं की यार्डात गाडीचे डबे हात न लावता सोडवायची चुंबकं डॉक्टरांना हवी आहेत, परदेशातून मागवली तर दोन-दोन महिने येत नाहीत. तोंड मोकळं झाल्याबरोबर ताई म्हणाल्या, "माझा भाऊ करील."

भावाला तेव्हा काही तरी करायला लावणं भागच होतं. शेखर अंबडच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात चौतीस वर्षं वाइंडर होता. दिंडोरीकडच्या खेड्यातून आयटीआय करून आला, तो थेट वाइंडिंगच्या मशीनवर बसला आणि रिटायर होऊनच उठला. वेढ्यावर वेढा असा बसवायचा की इनॅमलच्या तारेवरून नख फिरवलं तर कुठे अडकत नसे. सुपरवायझर नव्या पोरांना त्याच्या मागे उभं करायचे आणि म्हणायचे, "बघा, आणि तोंड बंद ठेवा." त्याची बायको मीना मात्र बोलकी. दोघांचं मिळून ती एकटीच बोलायची.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मीना अकरा दिवसांच्या तापाने गेली. शेखर रडला नाही. तेराव्याला पाहुणे जेवत असताना त्याने स्टुलावर चढून हॉलचा पंखा उतरवला, त्याचं बेअरिंग बदललं आणि परत चढवला. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो सात महिने. जेवायचा, आंघोळ करायचा, वीजबिल भरायचा. ताईंनी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, एकदा चक्क पाठीत धपाटा घातला. उत्तर एकच, "हं."

चुंबकांचं काम आलं आणि तो खुर्चीतून उठला. ताईंना एवढंच पुरे होतं. डॉक्टरांच्या डब्यांखाली मिशीसारखी बारीक पोलादी तार लोंबते. रुळांमध्ये पुरलेलं चुंबक बटण दाबलं की दोन डब्यांच्या मिश्या बाजूला ओढतं आणि आकडे सुटतात. बटण सोडलं की चुंबकाने मुकाट्याने झोपी जायचं. शेखरने दीड महिन्यात बोल्टांवर तार गुंडाळून अशी दहा चुंबकं केली.

आणि आज डॉक्टर दहाच्या दहा घेऊन दारात.

"काका, राग मानू नका. पण बटण न दाबताही डबे सुटतायत. गाडी यार्डात जरा हळू झाली की मागचे दोन डबे तिथेच. रविवारी बाहेरगावचे सहाजण बघायला येणार आहेत. मी आपला परदेशी माल..."

शेखरने खोका घेतला, आत गेला आणि कडी लावली. ताईंनी जिन्यातून पाहिलं. खिडकीजवळची खुर्ची सरकल्याचा आवाजही त्यांनी ऐकला. हे काम गेलं तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा तो वर आला. एका हातात चुंबक, दुसऱ्या हातात कागद.

"लोखंडाला काय झालं?"

ताईंनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेतली होती. त्यांनी ताटलीत टाचण्या ओतल्या. "लाव बॅटरीला." टाचण्या उडून चिकटल्या. "आता काढ." तार काढली. चार टाचण्या पडल्या, बाकीच्या बोल्टाला लटकून राहिल्या.

"करंट नाही. मग या कशाला धरून बसल्यात?"

शेखरने एक टाचणी ओढून सोडली, ती परत चिकटली.

"बोल्ट कुठला घातलास?"

"कारखान्यातला. हाय टेन्साइल. भंगारात निघालेले, पण एकदम भारी माल, ताई. गंज नाही."

"भारी म्हणजे कडक. कडक पोलाद एकदा चुंबक झालं की सोडत नाही. इथे मऊ लोखंड पाहिजे. हे अकरावीत शिकवतात."

"आमच्याकडे कोअरचं खातं वेगळं होतं," शेखर म्हणाला. "आम्ही कॉइल करायचो. लोखंड ते बघायचे. मी कधी विचारलंच नाही."

"चौतीस वर्षांत?"

"कशाला विचारू? त्यांनी कधी तारेचं विचारलं?"

एका दमात एवढी वाक्यं! ताईंनी तोंडावर काही दिसू दिलं नाही. "जा, ग्रिलवाल्याकडून आठ मिलिमीटरचा साधा गज आण. मी कोळसे बघते."

कोळसे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दिले. शेगडी मीनाची होती, माळ्यावर ठेवलेली. ती वांगी भाजायची तिच्यावर. जाळीला करपलेल्या सालीचा एक तुकडा तसाच होता. ताईंना वाटलं, आता तरी याला रडू फुटेल. शेखरने स्क्रूड्रायव्हरने साल खरवडली, राख झटकली आणि शेगडी पेटवली. टेबलफॅन समोर लावला. गजाचे दहा तुकडे लालभडक होईतो तो उकिडवा बसून होता.

"मग पाण्यात टाकू?"

"टाकलेस तर पुन्हा कडक होतील. राखेत पुर. सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

"हं," शेखर म्हणाला.

रविवारी ती दोघं डॉक्टरांच्या गच्चीत होती. पाहुणे टेबलाभोवती उभे. बटणं डॉक्टरांच्या हाताशी. इंजिन सहा डबे घेऊन यार्डात आलं, चुंबकावरून रखडत गेलं. एकही डबा सुटला नाही. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी गाडी चुंबकावर थांबवली, बटण दाबलं आणि पुढे नेली. सहाच्या सहा डबे मागे आले.

"आता सुटतच नाहीत!" एक पाहुणा हसला.

शेखर मात्र टेबलापर्यंत गेला.

"डॉक्टर, ताण आहे. आकडे एकमेकांना ओढतायत. अर्धा इंच मागे घ्या. सैल पडू द्या. आता दाबा. आता जा."

इंजिन चार डबे घेऊन निघून गेलं. दोन डबे रुळावर उभे राहिले.

टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी काकांच्या पाठीवर थाप मारली, आणखी बारा चुंबकं सांगितली. शेखर त्या दोन डब्यांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. पंखा चढवून स्टुलावरून उतरला तेव्हा होता तोच चेहरा. ताईंनाही हसू आलं नाही. काम हातचं गेलं नाही, एवढंच मनात आलं, तेही भाजीची यादी तपासावी तसं.

परतताना रिक्षात सिडकोचा सिग्नल लागला. शेखर बाहेर बघत म्हणाला, "ताई, शिंप्याचा फोन आला होता. मीनाच्या मोबाइलवर. जुनी कामं उचला म्हणतोय. तिचे दोन ब्लाऊज आहेत त्याच्याकडे. तू आणशील?"

"उद्या आणते," ताई म्हणाल्या.

त्याने शर्टाच्या खिशातून पावती काढून दिली. मीनाचं नाव, मापं, एक हिरवा, एक अबोली. ताईंनी ती पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे ठेवली.

बारा चुंबकं झाली. नंतर पुण्याच्या कुणीतरी आठ मागितली. शेखर रोज नऊला घरच्या वाइंडिंग मशीनवर बसतो, एकला उठतो. शिंप्याचं दुकान मंडईच्या वाटेवर आहे. आयुष्यात एकही काम उद्यावर न टाकलेल्या उज्वलाताई आठवड्यातून तीनदा तिथून जातात आणि दुकान आलं की पलीकडच्या फुटपाथवर होतात. शेखरने पुन्हा विचारलं नाही. त्या गेल्या नाहीत.