खर्ड्याची लढाई आणि दोन धांडे

माझ्या आधी आमच्या घरात कुणी सही केलेली नाही, सगळ्यांचा अंगठाच. तेव्हा कॉलेजात गेलो एवढ्यावर मी आठवणी लिहायला बसावं, हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण ही गोष्ट मनातून जात नाही.

निजामाच्या राज्यात, वसमतला शाळेत असताना मी एक खेळ रचला होता. जमिनीवर रेघा ओढून जुनी लढाई पुन्हा लढायची. लढाई खर्ड्याची, पेशव्यांची आणि निजामाची. शाळेच्या उर्दू पुस्तकात तिचा उल्लेख जेमतेमच होता. बाकीचं मला एका जुन्या मराठी पुस्तकात मिळालं. निजामाची फौज बिथरून किल्ल्यात शिरली, तिचं पाणी तुटलं आणि तह करावा लागला. खेळही शेवटी तिथंच पोचला, तर आपले नियम खरे, असं मला वाटे.

उन्हाळ्यात शिजवलेली हळद वाळून उचलली की आमचं खळं रिकामं होई. तिथं आम्ही डाव मांडत असू. हळकुंडं म्हणजे घोडदळ, गोल गड्डे म्हणजे तोफा, चिंचोके म्हणजे पायदळ. गोळा लागला की नाही ते कवड्या टाकून ठरे. चाल मोजायची ज्वारीच्या वाळल्या धांड्यानं: पायदळाला एक पेर, घोड्यांना तीन. एकाच धांड्यावरून ओढाताण होऊ लागली, तेव्हा मी नियम केला की ज्यानं त्यानं आपापला धांडा आणावा.

खेळणारे दोघंच. मी, आणि माझ्याच वर्गातला, तहसील कचेरीतल्या मुसलमान शिपायाचा मुलगा. निजामाची बाजू मी त्याला पहिल्याच दिवशी देऊन टाकली होती, न विचारता. आणि तो दर डावाला हरायचा.

"काहून रे, माझे घोडे पोचतच न्हाईत," तो म्हणे.

"तू वेळेवर हलवत न्हाईस. आधी जरा डोकं चालव."

"उपाशी हाएत बिचारे. तुझ्या पेशव्याला सांग, दोन पेंढ्या कडबा पाठीव."

"लढाईत कडबा मागतेत व्हय?"

"मग तह कर. तेवढं तर आता मला बराबर येतं."

हसून तो चिंचोके गोळा करू लागे. मी मात्र खूश असे, कारण माझी लढाई पुस्तकातल्यासारखीच संपत होती.

मॅट्रिकच्या वर्षी त्यानं परीक्षेचा फॉर्म भरला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अबे, मला हळकुंडं हलवता येत न्हाईत, गणितं कवा येणार? तू जा. तुझं डोकं हाय." मी नाही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. तो कचेरीत बापाच्या हाताखाली लागला आणि मी औरंगाबादला गेलो.

तिथं हॉस्टेलात मी मित्रांना तो खेळ शिकवला. ज्वारीचा धांडा कुठून आणणार? दोन्ही बाजूंसाठी एकच लाकडी पट्टी घेतली. निजामाची बाजू जिंकली. पुन्हा मांडला, पुन्हा तीच जिंकली. एखादा नियम विसरलो असेन असं वाटलं.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षीच्या दिवाळीत घरी आलो, तेव्हा गोठ्याच्या वळचणीला आमचे दोन्ही धांडे खोचलेले सापडले. शेजारी शेजारी ठेवले. माझी तीन पेरं त्याच्या चार पेरांहून लांब होती. माझा धांडा आमच्या विहिरीखालचा, पाण्यावर पोसलेला. त्यांना शेत नव्हतं. त्यानं आपला आणला होता तो तहसीलदाराच्या घोड्यापुढच्या कडब्यातून, कुठल्यातरी मुरमाड रानातला. पाण्यावरच्या ज्वारीचं पेर लांब असतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. मला ते ठाऊकच होतं. जिंकत होतो तोवर आठवलं नाही, एवढंच.

तसाच त्याच्या घरी गेलो. दाराला कुलूप. त्या गडबडीच्या दिवसांत ती माणसं रातोरात निघून गेली होती. कुणी म्हणालं हैदराबादला. कुणी काही सांगायला लागलं आणि माझ्याकडे बघून दिवाळीचं बोलू लागलं.

त्याचे मामा कुरुंद्याच्या आठवडी बाजारात बांगड्या विकत. तेही तेव्हा निघून गेले होते. ते परत आल्याचं कळलं तोवर मी कॉलेज संपवून गावी आलो होतो; धांडे घेऊन तिथं गेलो.

"मामू, तो कुठं हाय?"

"तुला काहून पाहिजे?"

मी धांडे दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी ते हातात घेतले, एकमेकांना लावून पाहिले आणि परत दिले. "एवढ्यासाठी आलास व्हय?" म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

त्यानंतर मी बाजार चुकवला नाही. ते माझ्याकडे बघत नसत. गेल्या बाजारी मात्र त्यांनीच हाक मारली.

"हाय. हैदराबादेत हाय, जिता हाय. सायकलच्या दुकानात पंक्चर काढून राहिला. तुझ्या काड्यांचं सांगितलं त्याला."

"मग?"

"लई हसला. मंग म्हनला, असं असंल तर फारम भराया पाहिजे होता मी."