अर्थ काढणारे गुणवंतराव

गुणवंतरावांना लोक विचारवंत म्हणायचे. म्हणोत बापडे. मी समोरच्याच दारात राहायचे, मला काय ते ठाऊक होतं.

दादरच्या दोन खोल्या सोडून ते भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीत आले ते नव्वदच्या आसपास. विमा कंपनीत नोकरी, अंगाने किडकिडीत, आणि डोकं म्हणजे अखंड चालू गिरणी. पाण्याचा टँकर आला की आम्ही बायका हंडे घेऊन धावायचो, आणि हे जिन्यात उभे राहून तहान म्हणजे नेमकं काय यावर बोलायचे. हंडा त्यांची बायको मनोरमा उचलायची.

माणूस वाईट नव्हता. शिवी नाही, दारू नाही, बायकोवर हात उगारणं नाही. म्हणून तर माझा जास्त संताप व्हायचा. दारुड्याला निदान चार शब्द सुनावता येतात, याला काय सुनावणार?

त्यांनी सोसायटीत सिनेमा मंडळ काढलं. महिन्यातून एका रविवारी दुपारी, खालच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून, भाड्याच्या व्हीसीआरवर. सिनेमे सगळे परदेशी आणि संथ. वर नियम असा, की सिनेमा संपला की प्रत्येकाने त्याचा एक तरी अर्थ सांगायचा, त्याशिवाय चहा नाही. शेजारची हंसाबेन बिचारी दर वेळी म्हणायची, "अच्छा था, लेकिन बहुत धीरे था." गुणवंतराव त्यातूनही थेट काळाच्या स्वरूपापर्यंत जायचे. कुणी काही बोललं की डोळे मिटून म्हणायचे, "छान! पुढे?"

मनोरमाला कधी कुणी अर्थ विचारला नाही. ती चहाला असायची.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर मनोरमाने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि माझा हात धरून आपल्या छातीशी, काखेकडच्या बाजूला ठेवला. सुपारीएवढी गाठ. दुसऱ्या दिवशी मी तिला मोरवा गावाच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली आणि बजावलं, "सोमवारी जायचंच. ऑपरेशन लागेल असं दिसतंय. मिस्टरांना सोबत न्या, त्यांची सही मागतील."

शुक्रवारी मी विचारलं, "सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"छान म्हणाले."

"छान?"

मनोरमा कणीक मळत राहिली. "सुलूताई, ते रविवारचा सिनेमा आधी घरी लावून बघत होते. त्यांच्या नीट लक्षात आलं नसेल. पुन्हा सांगते मी."

मी म्हटलं, थांब, मीच जाऊन सांगते. तर तिने मला माझ्या मुलांची शपथ घातली. नवऱ्याला दुसऱ्या बाईने येऊन बोललेलं बरं दिसत नाही म्हणे! शपथ कशी मोडणार? पण शनिवारी ते दिवसभर त्या सिनेमावर काय बोलायचं याच्याच तयारीत, आणि ही दिवसभर त्यांच्या आगेमागे.

रविवारी सिनेमा लागला. मोठं घर, आत एक आजारी बाई. माणसं येतात, जेवतात, जातात, बाई खिडकीशी बसून राहते. संपला एकदाचा. गुणवंतराव उठले.

"आज पहिला अर्थ मी सांगतो, आणि तो आमच्या घरातूनच आलाय! परवा मी हा सिनेमा बघत होतो, तेव्हा आमची ही मागून म्हणाली, मला भीती वाटतेय हो, घरात कुणाचं लक्षच नाही. बघा! सगळ्या सिनेमाचं सार एका वाक्यात. मंडळी, त्या बाईचा आजार शरीराचा नाहीच मुळी. तो माणसाच्या एकटेपणाचा आजार आहे."

कुणीतरी "वा!" म्हणालं. टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाठीचं सांगितलेलं सगळं कानावरून गेलं आणि नेमकं हे वाक्य तेवढं व्याख्यानाला उरलं!

मी उठणार एवढ्यात दारातून मनोरमाचा आवाज आला. हातातला चहाचा ट्रे तिने खाली ठेवला होता.

"ते मी सिनेमाबद्दल नव्हते बोलले."

"अगं, पण विचार म्हणून..."

"माझ्याबद्दल बोलले होते. माझ्या छातीत गाठ आहे. उद्या हॉस्पिटलात जायचंय, तुम्हाला बोलावलंय. येताय का, तेवढं सांगा."

सगळे पुरुष सतरंजीकडे बघायला लागले. गुणवंतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. तोंड उघडलं आणि त्यातून काय बाहेर पडावं?

"उद्या... जरा विचार करून..."

"आता कसला विचार करताय?" मी ओरडलेच.

मनोरमा मात्र शांतपणे म्हणाली, "विचार नका करू. नुसते चला."

गेले. ऑपरेशन झालं, मनोरमा वाचली. गुणवंतराव हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून होते, तोंडातून अवाक्षर न काढता. मंडळही त्यांनी बंद केलं. सोसायटीतले लोक अजून कौतुकाने सांगतात, त्या एका सिनेमाने माणूस बदलला बघा.

सिनेमाने? अहो, डॉक्टरीणबाईंपुढे ब्लाउजची हुकं काढताना जी बाई लाजेने रडली, तिला सगळ्या सोसायटीतल्या बाप्यांसमोर आपल्या छातीचं नाव घ्यावं लागलं, तेव्हा कुठे ते तिच्या नवऱ्याला ऐकू गेलं.